झाडं ही रसायनं कुणासाठी बनवतात? (द्राक्ष, कांदा, कडुनिंब आणि आपण)

रसशाळा (धागाकर्ती)

मंडळी, द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'केमिकल नसलेली द्राक्षं कुठे मिळतील' अशी विचारणा सुरू होते. विचारणाऱ्यांची काळजी मला पूर्ण मान्य आहे. घरात लहान मुलं असतात, फवारण्यांच्या बातम्या सगळेच वाचतात. तरी बरीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यामुळे यातली एक गोष्ट मला सतत टोचते. द्राक्षाच्या मण्यात टार्टारिक आम्ल आहे, सालीत टॅनिन आहे, काळ्या द्राक्षाचा रंग अँथोसायनिनचा आहे. बुरशीचा हल्ला झाला की वेल रेझव्हेराट्रॉल तयार करते. ही सगळी रसायनंच, आणि यातलं एकही वेलीनं आपल्यासाठी बनवलेलं नाही.

अळी आली, बुरशी आली, गुरं आली, तरी झाडाला जागा सोडता येत नाही. मग ते चव कडू करतं, वास उग्र करतं, किड्याची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, नाही तर गोड वासानं मधमाशीला बोलावतं. वाढीसाठी लागणारी साखर, प्रथिनं, मेद सगळ्याच झाडांत असतात. त्यापलीकडची ही रसायनं मात्र ज्या त्या कुळाची, त्या त्या जातीची. माणसानं त्यांतूनच औषधं, रंग, अत्तरं, मसाले, कीटकनाशकं आणि विषं उचलली.

आपल्या नाशिक जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. अख्खा कांदा नाकाशी धरला तर फारसं काही होत नाही. सुरी लागली की पेशी फुटतात आणि आतापर्यंत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात: एक गंधकयुक्त अमिनो आम्ल आणि दुसरं ॲलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. त्यातून जे बनतं त्यावर आणखी एक विकर काम करतं आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो, प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं. त्याआधी सगळं ॲलिनेजच करतं असा समज होता. लसणातही ॲलिनेज आहे, पण तिथे ॲलिसिन बनतं, म्हणून लसूण ठेचताना वास दरवळतो, डोळे मात्र वाहत नाहीत. जाता जाता: ॲलिसिन हवं असेल तर लसूण ठेचून थोडा वेळ तसाच ठेवा, मग फोडणीत घाला. अख्खी पाकळी थेट गरम तेलात पडली तर विकर आधीच निकामी होतं.

कांद्याच्या रंगाची गोष्ट मला याहून आवडते. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९२९ च्या सुमारास असं दिसलं की पांढऱ्या कांद्यावर एक काळी बुरशी डाग पाडते आणि रंगीत सालीच्या कांद्यावर सहसा पाडत नाही. कारण सापडलं वाळक्या सालीत. तिथे प्रोटोकॅटेच्युइक आम्ल आणि कॅटेकॉल असतं, ते पावसाच्या पाण्यात उतरतं आणि बुरशीचे बीजाणू रुजूच देत नाही. झाडात आधीपासून तयार असलेलं रसायन रोगाला अडवतं, याचा हा पहिल्या पक्क्या पुराव्यांपैकी एक. कांदा निवडताना ओट्यावर ज्या साली उडत असतात, त्यांचं हे काम.

आपापल्या घरातली, शेतातली, रानातली उदाहरणं लिहा. एक विनंती: झाडाचा कोणता भाग, किती, कशावर, हे ठाऊक असेल तर जरूर लिहा. 'अमुक पाला खा, कॅन्सर पळतो' छापाचे फॉरवर्ड इथे नकोत. लोक खरंच खातात.

निफाडचा_बागायतदार

मॅडम, बरोबर जागी हात घातला. आमच्याकडे गिऱ्हाईक बागेत येऊन विचारतं, 'भाऊ, इंजेक्शन दिलंय का?' द्राक्षाला इंजेक्शन कोणी देत नाही. विचारायचं असतं ते जीएबद्दल, म्हणजे जिबरेलिक ॲसिड.

थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर फार गैरसमज आहेत. बी असलेल्या द्राक्षात बी स्वतःच जिबरेलिन तयार करतं, त्याच्यावर मणी फुगतो. थॉमसन या बिनबियांच्या जातीत बी सुरुवातीलाच खुंटतं. मग मण्याला आतून मिळायचं ते मिळत नाही आणि मणी बारीक राहतो. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी असताना पाकळी (घडातली मण्यांची उपशाखा) लांबवायला दहा पीपीएमपासून (लिटरमागे दहा मिलिग्रॅम) जीएच्या फवारण्या घेतो, आणि पुढे मणी तीन-चार मिलिमीटरचा झाला की घड द्रावणात बुडवतो. त्याला आम्ही डिपिंग म्हणतो. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोल नाहीतर ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यावी लागते.

आता हे नैसर्गिक की रासायनिक? वेलीत असतंच. पण जास्त झालं तर देठ लाकडासारखा जाड होतो, मणी गळतात, बारीक मणी राहतात, आणि पुढच्या वर्षीच्या घडांवरसुद्धा परिणाम दिसतो. वेलीचंच द्रव्य, वेलीलाच बाधतं. त्यामुळे 'नैसर्गिक आहे ना, मग चालतंय' असं बागेत म्हणून भागत नाही.

याच्या उलट्या बाजूला लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. ते वेलीतलं जिबरेलिन तयार होणंच रोखतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा आणि काडीत घड निर्मिती व्हावी म्हणून सर्रास वापरायचे. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षात त्याचे अंश सापडले आणि माल अडकला. तेव्हा ज्यांनी सोसलं ते अजून विसरलेले नाहीत. तेव्हापासून एक्स्पोर्टच्या बागांत प्रत्येक फवारणीची नोंद, काढणीपूर्वीचे दिवस, अंशांची तपासणी हे सगळं काटेकोर झालं. तुम्हाला द्राक्षाबद्दल विचारायचंच असेल तर 'केमिकल आहे का' विचारण्यापेक्षा 'शेवटची फवारणी कशाची, किती दिवसांपूर्वी' हे विचारा. चांगला शेतकरी वही काढून दाखवेल.

रसशाळा

दादा, हा प्रतिसाद छापून सोसायटीच्या फलकावर लावते.

जीएच्या जन्माची भर घालते. जपानी भातशेतीत काही रोपं एकाएकी ताडमाड वाढायची, पिवळी पडून लोळायची, दाणा भरायचा नाही. एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं की हे एका बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळे होतं. बुरशीच्या नावावरून १९३५ मध्ये त्याला जिबरेलिन नाव मिळालं. हेच द्रव्य वनस्पती स्वतःही बनवतात हे कळायला १९५० चं दशक उजाडलं. भातावरचा रोग होता म्हणून जे सापडलं, त्यावर आज निफाड-दिंडोरीचे मणी फुगतात. बाजारात मिळणारं जीए अजूनही बुरशी वाढवूनच काढतात.

रेझव्हेराट्रॉलबद्दलही लिहायचं राहिलं. वाइनच्या निमित्तानं आपल्याकडे त्याचं फार कौतुक होतं. वेल ते भुरीसारख्या बुरशीशी लढायला बनवते आणि ते मुख्यतः सालीत असतं. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये त्याचं प्रमाण काही मिलिग्रॅम असतं. प्रयोगांत माणसांना कित्येकदा अर्धा-एक ग्रॅम दिलेलं असतं. तेवढं पेल्यातून मिळवायचं तर आधी दारूच जीव घेईल. वाइन प्यायची तर चवीसाठी प्या, हृदयाचं औषध म्हणून नको.

जुना_नाशिककर

रंगपंचमीच्या रहाडी कोणी कशा आठवल्या नाहीत? शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा. पेशवेकाळापासूनचे हे हौद वर्षभर बुजवलेले असतात आणि रंगपंचमीला उघडतात. रंग फुलांचा, उकळून केलेला. अंगावर काही दिवस टिकतो, हे उडी मारलेल्या कुणालाही विचारा.

पळसाचं रसायन काय असतं, ते ताईंनी सांगावं.

रसशाळा

पळसाच्या पाकळ्यांत ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन ही साखर जोडलेली संयुगं आणि ब्युटीन हे पिवळं-केशरी द्रव्य असतं. पाणी थोडं अल्कधर्मी केलं की रंग एकदम गडद केशरी होतो. पूर्वी त्यासाठी चुना घालत.

हळदीचंही तसंच. कुर्कुमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत लाल. हळदीपासून कुंकू होतं ते या गुणावर. घरी मुलांना दाखवा: हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाका, लाल होईल, वर लिंबू पिळा, परत पिवळं होईल. शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमस संपला तरी अडत नाही.

प्राजक्त_इंदिरानगर

वाचतेय, फार छान धागा. मला एक विचारायचं होतं. मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. सासूबाई म्हणतात सीताफळाच्या बिया वाटून लावायच्या, त्यांच्या माहेरी तसंच करायचे. शाम्पूपेक्षा नैसर्गिक बरं, नाही का?

डोळ्यांचा_दवाखाना

कृपा करून लावू नका.

सासूबाई सांगतात ते खोटं नाही, त्या बियांनी उवा मरतात. बियांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात आणि ती पेशीच्या ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेलाच अडवतात. उवेची पेशी काय आणि आपली काय, ती यंत्रणा दोघींत सारखीच. ही पूड किंवा तिचं पाणी डोळ्यात गेलं की बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला जखमा होतात. असह्य दुखतं, डोळा लालभडक होतो, उजेड सहन होत नाही. डोकं धुताना पाणी डोळ्यांत ओघळतंच, म्हणून हे रुग्ण बहुतेक बायका आणि लहान मुली. बहुतेक बऱ्या होतात, पण वेळेवर आल्या तर.

चुकून गेलंच तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं बराच वेळ डोळा धुवत राहा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. उवांसाठी बारीक दाताची फणी आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध पुरेसं आहे.

प्राजक्त_इंदिरानगर

बापरे. बिया वाळत घातल्या होत्या, आत्ता टाकून आले. सासूबाईंना हा प्रतिसाद वाचून दाखवला. 'आमच्याकडे डोळे बांधून लावायचे' म्हणाल्या. म्हणजे त्यांना धोका ठाऊक होता, आपल्यापर्यंत अर्धीच माहिती आली.

रसशाळा

प्राजक्त, तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. जुन्या माहितीतली कृती पुढे येते आणि तिच्यासोबतचा जपणुकीचा भाग गळतो. हे फार ठिकाणी झालं आहे.

सुरगाणा_वनवाटा

नमस्कार. मी पेठ-सुरगाणा पट्ट्यात राहतो. आमच्याकडची झाडं सांगतो: खैर, मोह, बेहडा, साग.

खैराचा कात सगळ्यांना पानातून माहीत. झाडाच्या मधल्या लालसर गाभ्याचे बारीक तुकडे करून उकळायचे, काढा आटवायचा, थंड करायचा. कॅटेचिन खाली साखळतं, तो पानातला कात. उरलेल्या पाण्यात टॅनिन राहतं, ते कातडी कमवायला आणि मासेमारीची जाळी रंगवून टिकाऊ करायला वापरायचे. कातकरी समाजाचा हा परंपरेनं चालत आलेला धंदा. पुढे जंगलाचे कायदे आले, ठेकेदार आले, आणि कात करणाऱ्यांच्या हातून खैर गेला. आता रात्री खैर तोडून गाड्या भरून नेतात, पकडल्याच्या बातम्या तुम्ही पेपरात वाचताच. मधला गाभा धरायला झाडाला पुष्कळ वर्षं लागतात आणि तोडायला थोडा वेळ पुरतो.

टॅनिन झाड कशाला बनवतं, हे मला एका वनरक्षकानं समजावलं होतं. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. पानं खाणाऱ्याच्या तोंडात तुरट लागतं आणि पोटात नीट पचत नाही. तोच गुण कातड्यावर वापरला की कातडं कुजत नाही.

औषधी_दुकान_पंचवटी

पानाचा विषय निघाला म्हणून: कात आणि चुना एकत्र आले की लाल रंग येतो, इथपर्यंत ठीक. सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन मात्र तरतरी देतं आणि सवयही लावतं. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ठरवलेलं आहे. 'साधी सुपारी खातो, तंबाखू नाही' असं दुकानात रोज ऐकतो म्हणून लिहिलं.

तापीकाठ

मी मूळचा नंदुरबारचा, आता नाशिकला. या धाग्यावर एक नाव यायलाच हवं: डॉ. मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी., आणि नंतर सगळं काम नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. मन्‌रो वॉल आणि वाणी या जोडीनं वनस्पतींतून कॅन्सरवरची दोन द्रव्यं वेगळी केली, आणि दोन्हींतून मोठी औषधं झाली.

पहिलं १९६६ चं, कॅम्पटोथेसिन. एका चिनी झाडातून निघालं. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणारं जे विकर असतं, त्यालाच ते अडकवून ठेवतं. मूळ द्रव्य फार त्रासदायक होतं, म्हणून त्यात बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं झाली. दुसरं १९७१ चं, टॅक्सॉल, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीतून. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली, पुढे स्तनाच्या कर्करोगासाठीही. वाणी २०२० मध्ये गेले. आपल्या शाळांत हे नाव क्वचितच ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं. नंदुरबारच्या पोरांना तर ते पाठ असायला हवं.

कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे, भारतीय संशोधकांनी १९७२ मध्ये ते दाखवलं. त्यानंतर काय झालं असेल ते खैरवाल्या दादांनी लिहिलंच आहे. घाटांतून नरक्याची झाडं बेकायदा तुटली, पोत्यांनी बाहेर गेली.

रसशाळा

तापीकाठ, मनापासून आभार. वाणींचं टॅक्सॉल आणि आपल्या कुंपणावरची सदाफुली ही जोडी मी वर्गात नेहमी शिकवायचे.

पेशी दोन होताना आत सूक्ष्मनलिका उभ्या राहतात, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात, मग नलिका सुटतात. द्राक्षाच्या मांडवासारखं समजा: बांधायचा असतो आणि काम झालं की सोडायचाही असतो. सदाफुलीतलं व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन मांडव बांधूच देत नाहीत. टॅक्सॉल बांधलेला मांडव सोडू देत नाही, हे १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं. दोन्हीकडे पेशीचं विभाजन अडतं आणि भराभर वाढणारी कॅन्सरची पेशी आधी मरते.

सदाफुलीचा शोध मधुमेहाच्या वाटेनं लागला. पानांचा काढा मधुमेहावर देतात असं ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन हाती आलं. व्हिन्क्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देतात.

आता हात जोडून विनंती. आपल्याकडे मधुमेहासाठी सकाळी सदाफुलीची फुलं-पानं चावून खाणारे बरेच आहेत. ज्या झाडातल्या द्रव्यानं पांढऱ्या पेशी घटतात, ते रोज अंदाजानं खायचं का? दवाखान्यात हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासत देतात. पानात किती आहे हे कुणी मोजलं?

वैद्य_म्हसरूळ

धागा उत्तम, पण आयुर्वेदाकडे फक्त सावधगिरीच्या सुरात पाहू नये, म्हणून लिहितो.

सर्पगंधा घ्या. आपल्याकडे तिचा वापर जुना. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्विस संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. परंपरेतली माहिती आणि रुग्णांची शिस्तशीर नोंद एकत्र आली की काय घडतं, त्याचं हे उदाहरण.

दुसरं, शोधन. बचनाग अतिविषारी, त्यातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाची लय बिघडवतं. आमच्या ग्रंथांत तो गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करूनच वापरायला सांगितला आहे. आधुनिक तपासण्यांत दिसतं की या प्रक्रियेत अ‍ॅकोनिटिन मोडून बरंच सौम्य होतं. म्हणजे मात्रा आणि संस्कार हा विचार आमच्याकडे पहिल्यापासून आहे. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे आयुर्वेद कुठेही म्हणत नाही. ते जाहिराती म्हणतात.

औषधी_दुकान_पंचवटी

वैद्यराज, पूर्ण सहमत. फक्त आपल्याकडे येणारा माणूस संस्कार झालेलं औषध घेतो आणि घाटावरून वेल आणणारा थेट रस काढतो, हा फरक आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचं तेच झालं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पती नीट ओळखली होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला.

वैद्य_म्हसरूळ

तो आक्षेप मला रास्त वाटतो. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत आणि विकणारा प्रत्येक जण ओळखतोच असं नाही. पण माझा सल्ला दोन्ही बाजूंनी एकच येतो. ओळख पक्की नसेल तर घेऊ नका. घेत असाल आणि डोळे-लघवी पिवळी दिसली, भूक मेली, तर लगेच थांबवा आणि यकृताची तपासणी करा. महिनोन्‌महिने रोज रस पिण्याची पद्धत ग्रंथातली नाही.

रात्रपाळी_परिचारिका

मी अतिदक्षता विभागात काम करते. फवारणीच्या हंगामात आमच्याकडे विषबाधेचे रुग्ण येतात. तोंडाला फेस, घाम, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घरघर. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकानं होतं. त्यांना आम्ही अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देतो, छातीतलं पाणी कमी होईपर्यंत परत परत. श्रावणात महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यात हेच अ‍ॅट्रोपिन असतं. एरवी तो पोटात गेला तर बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, माणूस बडबडतो, भ्रमिष्ट होतो. विषबाधा झालेल्याच्या शरीरात ज्या संदेशाचा पूर आलेला असतो, तोच संदेश अ‍ॅट्रोपिन अडवतं, म्हणून जीव वाचतो.

पण कोणी घरी धोतरा देऊ नका. एका बीत किती आहे ते झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. फवारणीची बाधा झाली तर कपडे काढा, अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि गाडी काढा. डबा आणला तर आमचं अर्धं काम सोपं होतं.

बिट्टीबद्दलही सांगते, पिवळी कण्हेर म्हणतात ती. सोसायट्यांच्या कुंपणाला सगळीकडे लावलेली असते. तिच्या बियांनी हृदयाचे ठोके मंदावतात. मुलं बियांनी खेळतात. लहान मुलं असतील तिथे दुसरं काही लावा.

निफाडचा_बागायतदार

ताई, डब्याचं लक्षात ठेवलं. आमच्या गटातल्या सगळ्यांना पाठवतो.

देवळ्याचा_कांदा

मॅडम, माझा साधा प्रश्न. निंबोळी अर्क मी कांद्यावर, फुलकिड्यांसाठी मारतो. कधी छान रिझल्ट येतो, कधी शून्य. दुकानदार म्हणतो नैसर्गिक औषधाचं असंच असतं. खरंच असंच असतं का?

रसशाळा

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण यात धाग्यातलं सगळं येतं.

निंबोळीत काम करणारं मुख्य द्रव्य अ‍ॅझाडिरॅक्टिन. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी ते वेगळं केलं, टोळाला खाणं नको करणारं द्रव्य शोधताना. रेणू इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत तो पूर्ण तयार करायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला बावीस वर्षं लागली, २००७ मध्ये जमलं. कडुनिंब दर वर्षी बीत भरून देतो.

ते किड्याला झटक्यात मारत नाही. खाणं सोडायला लावतं आणि कात टाकण्याच्या संप्रेरकात बिघाड करतं, म्हणून लहान अवस्थेतल्या किडीवर जास्त चालतं. मोठी झालेली, उडणारी कीड दिसल्यावर मारलं आणि दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधले तर शून्यच दिसणार. फुलकिडे पातीच्या बेचक्यात लपतात, तिथे द्रावण पोचायला हवं.

दुसरं म्हणजे ऊन. अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात मोडतं. सकाळी दहाला फवारलंत तर संध्याकाळपर्यंत बरंच संपलेलं असेल. ऊन उतरल्यावर फवारा.

तिसरं कारण निंबोळी स्वतः. द्रव्य बीच्या गरात असतं, पाल्यात फार थोडं. निंबोळ्या जून-जुलैत पडतात, नेमक्या पावसात. ओल्या निंबोळ्या पोत्यात भरून ठेवल्या की बुरशी येते आणि द्रव्य घटतं. गर काढून, धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, हवा खेळेल अशा गोणपाटात ठेवा. एका वर्षाहून जुन्या निंबोळ्यांवर भिस्त ठेवू नका.

पाच टक्के अर्कासाठी पाच किलो निंबोळीची भरड पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, दोनशे ग्रॅम साबण मिसळा आणि एकूण शंभर लिटर करा. त्याच दिवशी वापरून टाका. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, साबणाशिवाय थेंब घरंगळून जातो.

देवळ्याचा_कांदा

मी आजवर सकाळीच मारत आलोय, आणि निंबोळ्या गेल्या वर्षीच्या, प्लास्टिकच्या गोणीत. साबण कपड्यांचा चालेल का?

निफाडचा_बागायतदार

साधा कपड्यांचा बार किसून घाल, कोमट पाण्यात आधी विरघळव. जोरकस डिटर्जंट जास्त टाकू नको, पात करपते. आधी दोन वाफ्यांवर मारून बघ, दोन दिवस थांब, मग सगळ्या रानात. आणि या जूनमध्ये गावातल्या पोरांना किलोमागे पैसे ठरवून ताज्या निंबोळ्या गोळा करून घे. आम्ही तसंच करतो. आमच्या मळ्यात जास्त झाल्या तर पिंपळगावला येऊन माझ्याकडून घेऊन जा.